चेटकीण

चेटकीण : चेटूक जाणणारी स्त्री. मराठी लोकसमजुतीत चेटकीण जिवंत बाई असते. हडळ, जखीण, लावसट किंवा अळवंतीण या मेल्यानंतर पिशाच्चयोनीत गेलेल्या. त्यांच्यात आणि चेटकिणीत गल्लत करणे हा बऱ्याच लोकप्रिय पुस्तकांतला दोष आहे. मुंबईत हा शब्द दोन वाटांनी रुळलेला दिसतो : कोकणातून गिरण्यांत आलेल्या चाकरमान्यांच्या बोलीतून आणि १९५९ नंतर बालनाट्यांतून.

चेटूक हा शब्द संस्कृत ‘चेट’, ‘चेटक’ यांच्याशी जोडला जातो. वाद आहे तो अर्थ कसा पालटला याबद्दल. चेट म्हणजे चाकर, चेटी म्हणजे दासी. संस्कृत नाटकांत ही पात्रे पदोपदी भेटतात. हुकमाचा ताबेदार एवढीच त्यांची ओळख. अर्थात ‘मृच्छकटिका’तला स्थावरक हा चेट वसंतसेनेला मारायला धन्याच्या तोंडावर नकार देतो, हेही विसरू नये. एका मतानुसार, तांत्रिक साधनेत साधकाच्या आज्ञेत राहणाऱ्या हलक्या भूतयोनीलाही चेट म्हणत. अशा चाकर-भुताकडून करवून घेतलेले काम ते चेटूक, आणि त्याला राबवणारी ती चेटकीण. दुसरे मत असे, की ‘चेटक’ला उत्तरेकडील भाषांत भुरळ, नजरबंदी असा अर्थ आहेच, तेव्हा मधे चाकराची कल्पना न आणता शब्द जादू याच अर्थाने मराठीत उतरला. ‘चेतणे’शी लावलेला संबंध मात्र लोकव्युत्पत्तीच्या पलीकडे जात नाही.

यांपैकी पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, आणि त्याला बळ मिळते ते कोकणातून. ‘चेट’चे प्राकृतात ‘चेड’ झाले आणि चाकर या अर्थाशेजारी पोर हा अर्थ येऊन बसला. मालवणीत मुलीला आजही ‘चेडू’ म्हणतात. ठाणे-रायगड पट्ट्यात चेडा हे भुताचे नाव आहे आणि चेडोबा हे गावदेवाचे. लालबाग-परळच्या चाळीत जिन्याच्या तोंडाशी उभी राहून आजी नातीला ‘गो चेडवा’ अशी हाक मारते, तेव्हा त्या हाकेत आणि ‘चेटकीण’ या शिवीत एकच धातू वाजत असतो. चाकर, पोरगी आणि ताब्यात ठेवलेले भूत ही तिन्ही दुसऱ्याच्या हुकमात राहणारी. त्यांतलीच एखादी स्वतः हुकूम सोडू लागली की तिच्या विद्येला निषिद्ध ठरवले गेले, असा अर्थविकास मानला तर शब्दाची सारी अंगे जुळतात.

शब्दाच्या प्रत्ययाकडेही लक्ष द्यायला हवे. माळी–माळीण, तेली–तेलीण या जोड्यांप्रमाणे चेटकी–चेटकीण ही जोडी व्याकरणात आहे. ‘चेटक्या’ हे पुल्लिंगी रूपही आहे. व्यवहारात मात्र पुरुषाला मांत्रिक, भगत, देवऋषी, घाडी किंवा पंचाक्षरी म्हणतात. यांतले बरेच शब्द मान राखून वापरले जातात, आणि त्या माणसाला नारळ-विडा देऊन घरी बोलावतात. तीच विद्या बाईच्या हाती गेली की तिला एकच नाव उरते. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत १८५७ मध्ये निघाली. चेटूकचा जादूटोणा हा अर्थ त्याच्या बराच आधी पक्का झाला असावा.

मुंबई इलाख्यातील समजुतींचे पहिले मोठे संकलन नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी आरंभले. गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवून त्यांनी उत्तरे गोळा केली. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला त्यांची हत्या झाल्यावर ते काम आर. ई. एन्थोवेन यांनी पुरे केले. कोकणच्या टिपणांचा खंड १९१५ मध्ये माझगावच्या छापखान्यातून बाहेर पडला आणि त्यांवर आधारलेला एकत्रित ग्रंथ १९२४ मध्ये आला. उत्तरे देणारे मास्तर होते, हे वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते. चेटकीण म्हटल्या गेलेल्या बाईचा स्वतःचा आवाज या पानांत नाही.

अमावास्येची रात्र, सोडलेले केस, मसणवट किंवा तिठा, गुपचूप घेतलेला मंत्र हे तपशील सर्वत्र सारखे. संशयही ठरावीक बायांवरच जाई : विधवा, मूलबाळ नसलेली, एकटी राहणारी, झाडपाल्याचे औषध जाणणारी. दात पाडले की मंत्राचा उच्चार फसतो आणि विद्या निकामी होते, ही समजूत उत्तर हिंदुस्थानातल्या नोंदींत आढळते.

मुंबईच्या रंगभूमीवरची चेटकीण या सगळ्यापासून दूरची. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले आणि मराठी बालनाट्याला स्वतःचे घर मिळाले. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची ही मराठी मुलांची सर्वांत ओळखीची चेटकीण. मूळ प्रयोगांत दिलीप प्रभावळकर आणि २०१८ च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी ती उभी केली. दोन्ही वेळा भूमिका पुरुष नटाकडे होती, आणि तिची भीती हसण्यात विरघळत गेली.

मुलांच्या चित्रांतली झाडूवर बसून उडणारी चेटकीण युरोपीय परीकथांतून आली, यात शंका नको. मराठी घरांत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. एरवीही चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात. अशा घरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत कोणी केरसुणीवर मांड ठोकून बसणे शक्य नव्हते. आपल्याकडचे चेटूक लिंबू, नारळ, टाचण्या, उडीद यांतून चाले. त्याच्या प्रतिकाराची खूण शनिवारी टॅक्सीच्या पुढच्या बाजूला दिसते : एक लिंबू, सात मिरच्या, बिब्बा, दोऱ्यात ओवलेले.

सातपुड्याच्या नंदुरबार भागात ‘डाकीण’ ठरवून बायांना छळण्याचे प्रकार अलीकडेपर्यंत नोंदले गेले आहेत. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर राज्याने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरात त्याचा अधिनियम झाला. करणी किंवा चेटूक केल्याच्या नावाखाली कोणाला मारहाण करणे, विवस्त्र धिंड काढणे किंवा रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणे हा त्यानुसार गुन्हा असून त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे.