टॉवरचा षटकोन फक्त कागदावर

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये नेटवर्कचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: प्रत्येक मोबाइल टॉवरचा षटकोनी इलाका असतो आणि फोन त्यातल्याच टॉवरला जोडला जातो. हे चूक आहे. षटकोन ही आखणीची सोय. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत अभियंता डग्लस रिंग यांनी ती मांडली. फट न ठेवता जमीन झाकणाऱ्या त्रिकोण, चौकोन आणि षटकोन या सारख्या बाजू-कोनांच्या आकारांत वर्तुळाच्या सर्वात जवळचा षटकोनच, म्हणून टॉवर कमी लागतात. प्रत्यक्षात येऊरचे डोंगर नि उंच इमारती लहरी अडवतात. वाशीच्या खाडीवर मात्र त्या मोकळ्या पाण्यावरून लांब जातात. फोन अंतर पाहत नाही, सिग्नलची ताकद आणि दर्जा मोजतो. म्हणूनच समोरचा टॉवर सोडून तो पलीकडचाही पकडतो.