नो अदर

अमेरिकन गायक-गीतकार जीन क्लार्क (१९४४–१९९१) याचा १९७४ सालचा अल्बम. असायलम रेकॉर्ड्सने तो सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केला. त्याची गणना कंट्री-रॉकमध्ये, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ‘कंट्री’ संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणात होते. पण त्यातल्या आठ गाण्यांत गॉस्पेलचा म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चगीतांचा समूहस्वर आहे, फंक या नाचऱ्या संगीताचा ठेका आहे, लॅटिन तालवाद्ये आहेत आणि जुन्या लोकगीतांचा संथपणाही आहे.

अल्बम आला तेव्हा क्लार्क अजून तिशीत पोचला नव्हता, तरी व्यावसायिक संगीतात त्याची दहाएक वर्षे झाली होती. मिसूरी राज्यातल्या टिप्टन गावी जन्मलेला हा मुलगा तेरा भावंडांतला. ‘द बर्ड्‌स’ या अमेरिकन रॉक बँडच्या सुरुवातीच्या काळात त्यांची सर्वाधिक स्वरचित गाणी त्याचीच असत. विमानप्रवासाची धास्ती हे १९६६ मध्ये त्याने बँड सोडण्यामागचे एक कारण. पुढे बँजोवादक डग डिलार्डबरोबर त्याने बँजो-मेंडोलिनचे ब्लूग्रास हे लोकसंगीत आणि रॉक यांचा मेळ घातला; कंट्री-रॉकची पायवाट पाडणाऱ्यांत या जोडीचे नाव घ्यावेच लागते.

‘नो अदर’ची गाणी उत्तर कॅलिफोर्नियात, मेंडोसिनोजवळच्या आल्बियन इथे लिहिली गेली. घरातून समोर पॅसिफिक महासागर दिसे आणि क्लार्क तासन्‌तास त्याकडे पाहत बसे. ध्वनिमुद्रण मात्र लॉस एंजेलिसला, थॉमस जेफरसन के याच्या निर्मितीखाली झाले. जेसी एड डेव्हिस, ली स्क्लार, रस कंकेल, क्रिस हिलमन असे नाणावलेले वादक जमले, क्लायडी किंग आणि व्हेनेटा फील्ड्‌स यांच्यासारख्या गायिका साथीला आल्या. खर्च एक लाख डॉलरच्या वर गेला. त्या काळी ही रक्कम डोळ्यांत भरणारी होती, आणि हाती आली फक्त आठ गाणी. कंपनीचा प्रमुख डेव्हिड गेफन याला ते रुचले नाही.

या अल्बमवर नेहमीचा आक्षेप भपक्याचा. तो पटत नाही. ‘स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज’ हे गाणे ऐकावे. सुरुवातीला बराच वेळ शब्दच नाहीत. जड पावलांनी सूर एकेक पायरी चढतात, त्यावर नुसता आलाप, आणि मग क्लार्कचा किंचित कापरा, दुखरा आवाज येतो. संगीत माणसाच्या आत काय करते, हेच त्या गाण्याचे सांगणे. इतका मोठा अवकाश मिळाला नसता, तर ते सांगणे पोकळ वाटले असते. ‘सम मिसअंडरस्टँडिंग’ आठ मिनिटांहून मोठे आहे आणि त्याला कुठेही घाई नाही. शीर्षकगीतात घरघरणारा बास आणि तालवाद्यांची दाटी आहे. याउलट ‘द ट्रू वन’ हे सरळ, मोकळे कंट्री गाणे. वाद्यमेळ बदलत राहतो, पण गावाकडचा तो आवाज बदलत नाही. म्हणूनच हे सारे एका माणसाचे वाटते.

मुखपृष्ठावर १९२० च्या दशकातल्या हॉलिवूडची आठवण देणारे कोलाज होते, तर मलपृष्ठावर रंगरंगोटी केलेला, झुळझुळीत कपड्यांतला क्लार्क. कंट्रीचा श्रोता यामुळे बुचकळ्यात पडला असल्यास नवल नाही. कंपनीनेही प्रसिद्धीवर जोर दिला नाही. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत अल्बम १४४ व्या क्रमांकापर्यंतच पोचला आणि दोनच वर्षांत बाजारातून काढून घेतला गेला. क्लार्कला हे फार लागले.

पुढची पिढी मात्र या अल्बमकडे वळली. १९८६ मध्ये ब्रिटनच्या ‘धिस मॉर्टल कॉइल’ या संगीतसमूहाने ‘स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज’ नव्याने गायले. २०१४ मध्ये ‘बीच हाउस’ या अमेरिकन बँडच्या पुढाकाराने तरुण वादकांनी पूर्ण अल्बम रंगमंचावर सादर केला. २०१९ मध्ये फोरएडी या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने त्याचे ध्वनिमुद्रण नव्याने संस्कारित करून तो पुन्हा काढला.

क्लार्क २४ मे १९९१ रोजी वारला, वयाच्या ४६ व्या वर्षी. टिप्टनच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर नावाबरोबर दोन शब्द कोरलेले आहेत : नो अदर.