असईचा हत्ती आणि मुकुटाचा घोळ

पुण्याच्या जुन्या बाजारात नट-बोल्ट, गंजकी कुलपं आणि बंद घड्याळांच्या ढिगात मला एकदा हत्ती सापडला. जर्मन सिल्व्हरचा, चांदणीच्या आकाराचा बिल्ला. मधोमध बिगुल, त्याच्या वेटोळ्यात ‘एचएलआय’ ही अक्षरं, वर मुकुट. खाली एक फीत आणि तिच्याखाली चिमुकला हत्ती. फितीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, असई.

हे असई आपल्या जालना जिल्ह्यातलं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी भिडली. इंग्रजांच्या ७४व्या पलटणीची त्या दिवशी जवळजवळ चाळण झाली. बदल्यात तिला असईचं नाव आणि हत्तीचं चिन्ह मिळालं. पुढे १८८१ मध्ये ७१वी आणि ७४वी एकत्र होऊन हायलँड लाइट इन्फन्ट्री ही स्कॉटिश पलटण तयार झाली आणि हत्ती तिच्या टोपीवर जाऊन बसला.

विक्रेता म्हणाला, “पहिल्या महायुद्धातला आहे, साहेब.” असेल. पण ठरवायचं कसं?

ब्रिटिश लष्करी बिल्ला हातात आला की जाणकार आधी मुकुट बघतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला मुकुट वेगळा. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला आणि त्याने ट्यूडर मुकुट घेतला. याच्या कमानी घुमटासारख्या गोल वर चढतात. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी झाली, त्यानंतर सेंट एडवर्डचा मुकुट आला. त्याच्या कमानी मध्यभागी, वरच्या गोळ्याखाली, खचलेल्या दिसतात. घुमट म्हणजे राजा, खाच म्हणजे राणी, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं. अर्थात गादी एका दिवसात बदलते, गोदामातला माल नाही; जुने बिल्ले संपेपर्यंत वापरात राहतात. त्यात २०२२ नंतर तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा ट्यूडर मुकुटच निवडला. त्यामुळे घुमटाचा मुकुट दिसला म्हणजे बिल्ला जुनाच, असं आता म्हणता येत नाही.

माझ्या हत्तीपाशी तर हा नियम साफ आडवा झाला. या पलटणीच्या अधिकाऱ्यांच्या पोशाख-नियमांत बिल्ल्यावरचा मुकुट चक्क ‘स्टार ऑफ इंडिया’ या किताबाच्या गळसाखळीतला म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे तो गादीवरच्या राजा-राणीचा मुकुटच नव्हे. त्यावरून साल काढणं व्यर्थ.

मग उरतं नाव. १८८१च्या फेररचनेत पायदळाच्या पलटणींचे आकडे गेले आणि परगण्यांची नावं आली. म्हणून आकडा असलेला बिल्ला बहुधा त्याआधीचा. पलटण कधी मोडली हे माहीत असेल तर दुसरं टोकही बांधलं जातं. मुंबईच्या जुन्या गोऱ्या पलटणीचंच बघा. ती १०३वी, रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स. तीही १८८१ मध्ये मद्रासच्या १०२व्या पलटणीबरोबर रॉयल डब्लिन फ्युझिलियर्समध्ये गेली. आयर्लंडचं नाव, पण बिल्ल्यातल्या पेटत्या हातगोळ्यावर वाघ आणि हत्ती! ही पलटण १९२२ मध्ये बरखास्त झाली. वाघ-हत्तीचा अस्सल बिल्ला या ४१ वर्षांतलाच. असईचा हत्ती मात्र १९५९ पर्यंत टिकला, म्हणून माझ्या बिल्ल्याच्या काळाची खिडकी तब्बल ७८ वर्षांची.

धातू ही खिडकी आणखी अरुंद करू शकतो. शिपायांचे बिल्ले पितळेसारख्या तांबे-जस्ताच्या मिश्रणाचे किंवा जर्मन सिल्व्हरचे असत, काही दोन्हींचे जोडलेले. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल. १९१६ मध्ये युद्धासाठी धातू वाचवायचा म्हणून अनेक दुरंगी बिल्ले नुसते पितळी निघाले. दुसऱ्या महायुद्धात तर प्लॅस्टिकचे आले. १९५०च्या दशकापासून ॲल्युमिनियम आलं. त्याला आम्लात बुडवून वीज सोडली की पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रांचा ऑक्साइडचा थर चढतो, तो रंग पितो आणि मग छिद्रं बंद केली जातात. शिपायाला घासायची गरज उरत नाही. असला चकचकीत, पिसासारखा हलका बिल्ला पहिल्या महायुद्धातला म्हणून कुणी देऊ लागलं तर हसून पुढे जावं.

पण खरी गंमत पाठीमागे असते. साध्या शिपायाचा बिल्ला पत्र्यावर पोलादी ठसा दाबून उठवलेला. पुढे जिथे उंचवटा, तिथे मागे खळगा. ओतीव नकलेत मागची बाजू सपाट आणि बारीक छिद्रांनी भरलेली. टोपीत अडकवायला आधी कड्या असत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बऱ्याच बिल्ल्यांना उभी पट्टी आली. तरी कड्या म्हणजे जुना असं मानू नये, कारण ग्लेनगॅरी, म्हणजे होडीच्या आकाराची टोपी घालणाऱ्या स्कॉटिश पलटणींनी बहुतेक कड्याच ठेवल्या. म्हणजे माझ्या हत्तीने हाही नियम मोडला.

झीजही बोलते. वर्षानुवर्षं घासलेल्या बिल्ल्यावर उंच भाग गुळगुळीत होतात आणि पॉलिशचा पांढुरका मळ खाचांत साठतो. आम्लाने म्हातारा केलेला बिल्ला उंच-सखल सगळीकडे सारखाच काळवंडतो. म्हणूनच नवीन संग्राहकाने घरी आणल्या आणल्या चिंच लावून घासू नये; पुरावा मोरीत जातो.

घरी येऊन मी भिंग घेतलं आणि बिल्ला उलटा केला. हत्तीच्या मागे खळगा नव्हता. पाठ सपाट, पुरळ उठल्यासारखी, आणि कड्यांभोवती मऊ कथलाचे राखी थेंब. समोर खाचांत पॉलिशचा कणही नाही. ७८ वर्षांच्या एवढ्या मोठ्या खिडकीतही तो कुठे बसेना.