पार्श्वभूमी: मुंबईचे निम्मे पाणी उघड्या नदीतून

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकत्रित साठवण क्षमता सुमारे 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर. त्यातले 7 लाख 17 हजार एकट्या भातसाचे. जुलैत 'तानसा भरून वाहू लागला' म्हणून आनंद होतो, पण तानसाचा वाटा जेमतेम दहावा. वर्षभर नळाला किती पाणी येणार, हे भातसा ठरवतो.

बाकीच्या तलावांचा इतिहास गुरुत्वाकर्षणाचा, म्हणजे उताराने आपोआप येणाऱ्या पाण्याचा. 1860 मध्ये मिठी नदीच्या उगमाकडे विहार बांधला गेला, 1879 मध्ये तुळशी. पवईचे पाणी पिण्याजोगे निघाले नाही. मग पाण्यासाठी शहर साष्टी बेटाबाहेर पडले: 1892 मध्ये तानसा, 1957 मध्ये वैतरणा नदीवर मोडक सागर, 1973 मध्ये इगतपुरीकडे अप्पर वैतरणा, 2014 मध्ये मध्य वैतरणा. वरच्या दोन्ही धरणांचे पाणी मोडक सागरात उतरते. तानसा आणि मोडक सागरातून ते जलवाहिन्या-बोगद्यांतून उतारानेच भांडुपला येते, पंपाची गरज नाही.

भातसाचे तसे नाही. धरण राज्य सरकारचे आहे, पाणी सिंचनालाही जाते. मुंबईचा वाटा नदीपात्रात सोडतात. तो गावे, शेते, ओढे यांच्या सोबतीने वाहत पिसे या गावी येतो. तिथे बंधाऱ्यावर हवेने फुगवलेल्या रबरी ब्लॅडरवर (पिशव्यांवर) उभी राहणारी दारे पाणी अडवतात. मार्च 2024 मध्ये असा एक ब्लॅडर बिघडला. दुरुस्तीसाठी बंधाऱ्याची पातळी खाली आणावी लागली आणि भातसात साठा असूनही शहरात पाणीकपात झाली. पिसेहून पाणी पंपाने उचलून पांजरापूरला शुद्धीकरणासाठी नेतात, म्हणून वीज गेली की पुरवठ्यालाही झळ पोहोचते. 

उघड्या पात्राचा दुसरा हिशेब गढूळपणाचा. पहिल्या जोरदार सरींनंतर माती वाहून येते. मग तुरटीसारख्या गोठणकाची मात्रा वाढवावी लागते, मातीचे कण एकत्र येऊन गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी वाळूच्या गाळण्यांतून जाते. मात्रा कमी पडली की बारीक कण तसेच पुढे जातात, गाळण्या लवकर तुंबतात आणि त्या वारंवार उलट्या दिशेने पाणी सोडून धुवाव्या लागतात. शेवटी क्लोरीन. भांडुपचे जलशुद्धीकरण संकुल 1979 मध्ये सुरू होईपर्यंत तानसा-वैतरणेचे बहुतेक पाणी नुसते क्लोरीन मिसळूनच शहरात येई.

इतके करूनही पाणी बिघडते ते बहुधा शेवटच्या काहीशे मीटरमध्ये. बहुतेक भागांत पाणी दिवसातून ठरावीक तासच सोडतात. व्हॉल्व्ह बंद झाला की जुन्या वाहिनीतला दाब संपतो आणि गटारालगतच्या भेगांतून सांडपाणी आत शिरते. सोसायटीने वाहिनीलाच थेट पंप लावला असेल तर ओढ आणखी वाढते. म्हणून तपासणी घरच्या नळावर व्हावी: नमुन्यात ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकायचे, पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे. अपेक्षा लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅमची. छटाच उमटली नाही, तर पाणी उकळून घ्यावे आणि वॉर्ड ऑफिसच्या जलखात्यात तक्रार नोंदवावी. त्याआधी इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली, तेही विचारून घ्यावे. कित्येकदा क्लोरीन तिथेच संपलेले असते.