आधी जातो तो खंजेरीचा छनछनाट

ट्रॅक्टर घेतला की पूजेनंतर पहिलं काम म्हणजे साऊंड बसवणं. मडगार्डवर डबे, सीटमागे वूफर. मग रोटाव्हेटर मारायचा असो की कापसाची गाडी जिनिंगला न्यायची असो, गाणं चालूच. यात हसण्यासारखं काही नाही. दिवसभर एकट्यानं तास काढणाऱ्याला गाण्याची सोबत लागते. पण केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर, इंजिनावर भार असताना, चालकाच्या कानाशी इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. गाणं त्याच्या वर चढलं तरच शब्द कळणार, म्हणून आवाज ९५ किंवा त्याच्याही पुढे न्यावा लागतो. हेच गाणं रात्री अंगणात खाटेवर पडून ऐकलं तर ६० डेसिबलमध्येही भरपूर वाटतं. म्हणजे शौक गाण्याचा असतो आणि कानाची किंमत मोजावी लागते ती इंजिनापायी. मळणीयंत्रापाशी नेकबँड घालून उभ्या असलेल्या पोराचंही तेच.

डेसिबलची मोजपट्टी सरळ नाही, आणि फसगत होते ती इथंच. ८० वरून ९० वर गेलं की आवाजाची ऊर्जा दहापट होते, पण आपल्याला तो साधारण दुप्पटच मोठा वाटतो. तीन डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते, आणि एवढा फरक आपल्या जेमतेम लक्षात येतो. कानाचं नुकसान मात्र ऊर्जेच्या हिशेबानं होतं. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेनं त्यावरून मर्यादा बांधली आहे : ८५ डेसिबल असेल तर दिवसाला ८ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना गाणी ऐकणाऱ्यांसाठी आठवड्याचा हिशेब मांडते. मोठ्या माणसांना ८० डेसिबलवर ४० तास, लहान मुलांना तेवढ्याच वेळेसाठी ७५.

आता हा हिशेब वरातीला लावून पाहू. डीजेच्या गाडीसमोर दोन मीटरवर ११० डेसिबल आवाज आहे असं धरा. तिथं दिवसभराचा कोटा दीड मिनिटात संपतो. एक गाणंसुद्धा पुरं होत नाही, आणि आपली पोरं तिथं दोन-दोन तास नाचतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. दोनाचे चार मीटर, चाराचे आठ, आठाचे सोळा, असं मागे सरलं की ११० चे ९२ होतात आणि दीड मिनिटाचा दीड तास होतो. गावातल्या अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या भिंती आवाज परतवतात, त्यामुळे एवढा फायदा मिळत नाही, पण मिळतो तोही थोडाथोडका नसतो. शिवाय वरच्या पट्टीचे आवाज स्पीकरच्या तोंडासमोरच जास्त जातात, म्हणून समोर नाचण्यापेक्षा बाजूला नाचलेलं बरं.

छाती धडधडते ती बेसनं, म्हणून लोक बेसला घाबरतात. माझ्या मते भीती चुकीच्या जागी आहे. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, आणि तेवढ्या लांबीची नळी ३००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ३००० कंपनांच्या) आसपासचा आवाज आपोआप वाढवून आत पाठवते. त्यामुळे मोठ्या आवाजाचा मार आधी बसतो तो ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात. कानाच्या तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसला की डॉक्टर लगेच विचारतात, कुठं गोंगाटात काम करता का? आपल्याकडच्या सप्त्यात, जत्रेत खांबाला बांधलेले भोंगे या पट्ट्यातच कर्कश वाजतात. बेस कमी आहे म्हणून भोंगा निरुपद्रवी ठरत नाही.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिला इंग्रजीत कॉक्लिया म्हणतात. उलगडून सरळ केली तर भरेल जेमतेम ३५ मिलिमीटर. तिच्यात आवाजाची लाट कशी धावते हे दाखवून दिल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. दारापाशी वरच्या पट्टीचे आवाज उमटतात, आत टोकाला खालच्या पट्टीचे. या नळीत केसाळ पेशींच्या रांगा असतात. एका कानात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत सुमारे १२,०००. मेंदूला खबर देतात त्या आतल्या. मग बाहेरच्या एवढ्या कशाला? १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल यांनी दाखवलं की विजेचा इशारा मिळाला की बाहेरच्या पेशी लांब-आखूड होतात. त्या हलतात आणि मंद आवाजाला आतल्या आत जोर देतात. ब्रिटनच्या जोनाथन अ‍ॅशमोर यांनी तर अशा एका सुट्या पेशीला गाण्याचे विद्युत्-झटके दिले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशी ठेक्यावर नाचली. अ‍ॅम्प्लिफायर आपल्या कानातच बसवलेला आहे, आणि मोठ्या आवाजानं आधी बिघडतो तोच.

वाऱ्यानं लोळलेला गहू दोन-चार दिवसांत पुन्हा मान वर काढतो, पण गारपिटीनं कांडी मोडली की ते धाट उठत नाही. या पेशींवरच्या केसांचं असंच आहे. एखाद्या रात्रीचा मार असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐकणं पूर्ववत होतं. पुन्हापुन्हा होत गेलं, किंवा एकदाच पण फार जोराचा मार बसला, तर पेशी मरते. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. कोंबडीला येते! पक्ष्यांच्या कानात या पेशी पुन्हा तयार होतात हे १९८० च्या दशकात कळलं आणि तेव्हापासून शास्त्रज्ञ त्यामागे लागले आहेत. माणसाच्या कानात अजून ते साधलेलं नाही.

आता खंजेरी हातात घ्या. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्या विदर्भात खंजेरी नसलेलं गाव सापडणं कठीण. एका कड्यावर ताणलेलं चामडं आणि कडेच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या, एवढंच ते वाद्य. पण त्यात दोन टोकांचे आवाज आहेत. बोटांची थाप खालच्या पट्टीत बोलते, चकत्यांची छनछन कित्येक हजार हर्ट्झवर चमकते. भजनाला उठाव येतो तो या दोन्हींच्या मेळातून. वर्षानुवर्षं मंडळात भोंग्याखाली बसलेल्या किंवा टाळ वाजवलेल्या माणसाला थाप ऐकू येत राहते, छनछन मात्र बारीक होत जाते. हे त्याच्या ध्यानातच येत नाही, कारण काही बंद पडलेलं नसतं. गाणं चालू असतं, ठेका चालू असतो. तो म्हणतो, आजकालच्या माइकमध्ये दम नाही. मग माइकवाल्याला ट्रेबल, म्हणजे वरची पट्टी, वाढवायला सांगतो. माइकवाल्याचाही कान हंगामामागून हंगाम तिथंच गेलेला असतो, तोही वाढवतो. ज्या पट्ट्यात आधीच मार बसला आहे त्याच पट्ट्यात आवाज आणखी चढतो, आणि पुढच्या रांगेत बसलेली पोरंसोरं तो फुकटात घेतात.

बोलण्याचंही हेच. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. स, श, फ, थ यांच्यातला हवेचा घसारा वरच्या पट्टीत असतो आणि मुळातच क्षीण. नातू कोठ्यातून धावत येतो, "आबाजी, साप निंघाला!" आणि आबाजी विचारतात, "कोणाले ताप आला?" पोरगं पुन्हा सांगतं. "जोरानं बोल न, बाप्पा." पोरगं जोरात ओरडतं, तर आबाजी कानावर हात ठेवून खेकसतात, "बोंबलतं कायले? मी का बहिरा आहो?" घरच्यांना वाटतं म्हातारा मुद्दाम करतो. तसं नसतं. बाहेरच्या केसाळ पेशी फक्त मंद आवाजांना जोर देतात, मोठ्या आवाजांना नाही. त्या गेल्या की मंद आवाज नाहीसे होतात आणि मोठे पूर्वीसारखेच आदळतात. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यामधली जागाच अरुंद होते. अशा माणसापाशी ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन, तोंड त्याच्याकडे करून, सावकाश बोलावं.

तपासणीत सगळं ठीक आणि तरी लग्नाच्या मांडवात समोरच्याचं बोलणं कळत नाही, असेही लोक भेटतात. २००९ मध्ये हार्वर्डच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर प्रयोग केला. मोठ्या आवाजानंतर उंदरांचं ऐकणं काही दिवसांत पूर्ववत झालं, केसाळ पेशीही शाबूत होत्या, पण त्या पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे दुवे कानाच्या काही भागात जवळजवळ निम्मे कायमचे तुटलेले आढळले. माणसात हे किती प्रमाणात होतं यावर काम चालू आहे. तेवढ्यापुरता धडा असा की रात्रभर डीजेपाशी नाचून आल्यावर कानात जी सुंईऽऽ वाजते, ती सकाळी थांबली म्हणून हिशेब मिटला असं समजू नये.

मग करायचं काय? कापूस आपल्या घरचा असला तरी कानात घालून उपयोग नाही. त्याच्या धाग्यांमधून हवा जाते, आणि हवा जाते तिथून आवाज जातो. जेमतेम काही डेसिबल कमी होतात. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये किंवा सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतात. पण ते नीट घातले तरच काम करतात. स्वच्छ बोटांनी प्लग वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा म्हणजे नळी सरळ होते, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं दाबून धरायचा. अर्धवट घातलेला प्लग पाकिटावर लिहिलेल्या आकड्याच्या निम्मंसुद्धा काम करत नाही. फोममुळे वरची पट्टी जास्त दबते आणि गाणं भरल्यासारखं वाटतं, ही तक्रार खरी आहे. वादकांसाठी सगळ्या पट्ट्या सारख्या उतरवणारे प्लग वेगळे येतात, महाग असतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत दिवाळीनंतर रात्रीमागून रात्री ऑर्गन आणि ऑक्टोपॅडपाशी बसणाऱ्यांनी मात्र तो खर्च करावा. ज्याचं पोट कानावर चालतं त्यानं कानावरच काटकसर करणं मला पटत नाही.

प्रेक्षकाला एवढं नको. दहाला सुरू होऊन पहाटे संपणारं नाटक म्हणजे सहा-सात तास. तेवढा वेळ स्पीकरच्या ठेल्यासमोर बसायचं नाही, आणि मध्ये उठून चहाला जायचं. शांततेतली ती पंधरा-वीस मिनिटंही कामी येतात. मंडळांनी एकाच कोपऱ्यात भोंग्यांची चळत लावण्यापेक्षा चार लहान स्पीकर उंचावर, लांब-लांब टांगावेत. मागच्यालाही ऐकू जातं आणि पुढच्याचा कान फुटत नाही. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पण हा कायदा शेजाऱ्याच्या झोपेचा विचार करतो, डीजेसमोर नाचणाऱ्याच्या कानाचा नाही. तो विचार जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये केला आणि कार्यक्रमाच्या जागी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. आपल्या वराती ती कधीच ओलांडून गेल्या आहेत.

मोबाईलवर आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगतात. शांत घरात ते सहज जमतं, एसटीत जमत नाही. एसटीच्या खडखडाटात कानात घट्ट बसणारी बोंडं (इअरबड) वापरली तर बाहेरचा आवाज कमी होतो आणि गाणं कमी आवाजातच पुरतं. ट्रॅक्टर आणि मोटारसायकलवर मात्र दोन्ही कान बंद करणं धोक्याचं, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोहफुलं वेचायला भल्या पहाटे जंगलात जाणाऱ्यांनी तर बोंडं घरीच ठेवावीत. तिथं पाचोळ्यातली खसफस वेळेवर ऐकू येणं गाण्यापेक्षा महत्त्वाचं.

मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसलेल्या लेकराचे कान नेमके स्पीकरच्या उंचीवर येतात. त्याला लांब ठेवावं किंवा कानावर बसणारे इअरमफ घालावेत. कानात गरम तेल, काडी, पिन काहीच घालू नये. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून आठवडा घालवू नये. दोन-तीन दिवसांच्या आत उपचार सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूरच्या शासकीय महाविद्यालयांत आणि सेवाग्रामला कान-नाक-घसा विभाग आहेत, आणि कानाची तपासणी दुखत नाही, हेडफोन लावून आवाज आला की बटण दाबायचं एवढंच. फक्त आदल्या दिवशीपासून निदान १४ तास मोठ्या आवाजापासून लांब राहायचं, नाहीतर थकलेला कान बिघडलेला दिसतो. तेव्हा रात्री वरात आणि सकाळी तपासणी असा बेत आखू नका.