टी-२० गट मधे कुठे गेला होता?

पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २०२४ साली तेलंगणच्या दीप्ती जीवनजीने ४०० मीटर शर्यतीत ब्राँझपदक जिंकलं, ते टी-२० गटात. क्रिकेटचा इथे संबंध नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या धावपटूंचा हा गट. अथेन्स (२००४) आणि बीजिंग (२००८) पॅरालिम्पिकच्या पदकतक्त्यात मात्र तो नव्हताच.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना खेळ झेपत नाही, असं १९६०च्या दशकात अमेरिकेतही सर्रास मानलं जाई. कॅनडाचे संशोधक फ्रँक हेडन यांनी दाखवून दिलं, की त्यांची शरीरं कमकुवत राहतात ती खेळायला मिळत नाही म्हणून. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या भगिनी युनिस केनेडी श्रायव्हर यांची बहीण रोझमेरी हिला अशीच अक्षमता होती. युनिस यांनी १९६२ मध्ये स्वतःच्या घराच्या आवारात उन्हाळी शिबिर भरवलं आणि जुलै १९६८ मध्ये शिकागोत पहिलं स्पेशल ऑलिम्पिक झालं. आपल्याकडे त्याची पॅरालिम्पिकशी हमखास गल्लत होते. स्पेशल ऑलिम्पिकमध्ये साधारण सारख्या क्षमतेचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, नवशिक्यालाही जागा असते. पॅरालिम्पिकला आधी पात्रता गाठावी लागते.

तिथे या खेळाडूंना १९९६ मध्ये अटलांटात प्रवेश मिळाला. चारच वर्षांत, सिडनीत, स्पेनच्या बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉल संघाने सुवर्ण जिंकलं. संघातलाच कार्लोस रिबागोर्दा हा पत्रकार निघाला! बारापैकी दहा जणांना कसलीही बौद्धिक अक्षमता नाही, हे त्याने छापून आणलं. त्याची स्वतःची चाचणी काय झाली होती? सहा जोर आणि रक्तदाब. जास्त पदकं म्हणजे जास्त अनुदान आणि प्रायोजक, एवढा सरळ हिशेब होता. पदकं परत गेली. त्यात खरोखर पात्र असलेल्या दोघांचीही गेली.

आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने मग सगळ्याच बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना बाहेर ठेवलं. लबाडी स्पेनच्या पदाधिकाऱ्यांची, शिक्षा जगभरच्या खेळाडूंना. नुसता बुद्ध्यंकाचा कागद पुरेसा नाही, अक्षमतेचा त्या-त्या खेळावर परिणाम होतो का हेही तपासायचं, अशी पद्धत ठरल्यावर २००९ मध्ये बंदी उठली. लंडनमध्ये २०१२ साली अ‍ॅथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिस परत आले.

या लबाडीबद्दल स्पेनच्या बौद्धिक दिव्यांग क्रीडा महासंघाच्या माजी अध्यक्षांना २०१३ मध्ये ५,४०० युरो दंड झाला. बौद्धिक दिव्यांगांचं बास्केटबॉल पॅरालिम्पिकमध्ये अजून परतलेलं नाही.