इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको

"इन्सुलिन घेतोय, पण शुगर उतरत नाही. बाटली बदलून द्या." आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर हे नेहमी ऐकतो. बदलून देत नाही म्हणून काहीजण चिडतात. पण बाटली तुमच्या घरी कशी राहिली हे आम्हाला कळायला मार्ग नाही, आणि तीच उद्या दुसऱ्या पेशंटच्या हातात देणं आम्हाला पटत नाही.

खोदून विचारलं की बहुतेकदा एकच निघतं: बाटली बर्फाच्या खणात, नाहीतर त्याच्या लगेच खालच्या ट्रेमध्ये. जास्त गार म्हणजे जास्त टिकणार, हा हिशोब! तिथे इन्सुलिन गोठू शकतं. वितळल्यावर कधीकधी अगदी पहिल्यासारखं दिसतं, पण त्याच्या ताकदीचा भरवसा उरत नाही. मध्यंतरी एका काकांनी आणलेल्या बाटलीत काचेला आतून पांढरे कण चिकटले होते, तळहातावर कितीही फिरवली तरी सुटेनात. कण दिसोत न दिसोत, एकदा गोठलेली बाटली टाकूनच द्या. नाहीतर शुगर वाढलेली बघून डॉक्टर डोस वाढवतात, मग नवी चांगली बाटली उघडली की त्याच वाढीव डोसने शुगर धाडकन खाली येते. घाम, थरथर, चक्कर आली तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, फोन नंतर. पेशंट शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत हवी. डबीत घालून मधल्या खणात ठेवा, मागच्या भिंतीला टेकवू नका. वापरातली बाटली किंवा पेन साधारण 4 आठवडे बाहेर चालतं, पण खोली 25-30 अंशांच्या आत हवी. नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात. एप्रिल-मेमध्ये लाइट गेली तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून माठात सोडा. गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नको.

सिरिंज मागताना बाटली दाखवा. 40 च्या बाटलीला (एका मिलीत 40 युनिट इन्सुलिन) लाल टोपीची, 100 च्या बाटलीला (एका मिलीत 100 युनिट) केशरी. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीचपट जातो. "कुठलीही द्या" म्हणालात तर आम्ही देत नाही, राग मानू नका.

आमचा फ्रीज इन्व्हर्टरवर आहे, आत थर्मामीटर आहे, हवं तर बघून घ्या. प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायला स्टिकर फुकट देतो. प्रवासाचे कूलिंग पाऊचही ठेवलेत. त्यात बर्फाची पिशवी टाकाल तेव्हा बाटली आधी रुमालात गुंडाळा.